देवीला न सांगितलेल्या मोटरसायकली

भाईंदर, ७ डिसेंबर २००६

तीर्थस्वरूप दादांना भिकाजीचा वाकून नमस्कार.

आम्ही सगळे सुखरूप आहोत. वहिनींचे गुडघे कसे आहेत?

आमच्या निकेतने वरसाव्याच्या गॅरेजात गाडीच्या मागच्या सीट काढून झोपायच्या फळ्या आणि शेगडी बसवली आहे. नाताळच्या सुट्टीत आपल्या गावच्या सड्यावर मुक्काम करायचं ठरलंय. हिने शेगडीवर चहासुद्धा करून पाहिला.

नवलाईदेवीने कौलात उजवं फूल देऊन होकार दिल्याचं तुम्ही कळवलंत. पण दादा, मी फक्त गाडीचं लिहिलं होतं. गाडीबरोबर दोन मोटरसायकलीही येणार आहेत. निकेत आणि आरोही त्या घळीच्या पायवाटेने उतरवणार आहेत. बैल सोडवताना आपला भाऊ वसंता पडून गेला, तीच घळ.

"बाबा, हेल्मेट आहे ना, कशाला टेन्शन घेता!" असं म्हणून आरोही हसते.

तुम्ही नको म्हणाल म्हणून मी लपवलं, आणि देवीलाही अर्धंच विचारलं गेलं. आता देवापुढे उभं राहिलं की मान वर होत नाही. गुरवाला सांगून पुन्हा कौल लावा. गाऱ्हाण्यात मोटरसायकली आणि घळ दोन्ही येऊ द्या. तोवर चाव्या आमच्या देव्हाऱ्यात आहेत.

फूल डावं पडलं तर मुलांना सांगू नका. बापानेच नाही म्हटलं, असं मी सांगेन.

तुमचा धाकटा,
भिकाजी