दादाच्या फंडातला जोखीम-अधिकारी

३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उशिराबद्दल रागावू नकोस. गाडीतून उतरल्यावर थेट दादाकडेच निघालो होतो, पण वाटेत एक म्हातारा छत्र्या दुरुस्त करत बसला होता, त्याच्याकडे शिकण्यात चार दिवस गेले. काडी बसवायची एक युक्ती असते, ती... जाऊ दे, भेटीत.

दादाचा हेज फंड जोरात आहे. बाजार चढला तरी नफा, पडला तरी नफा, असं तो श्रीमंतांना सांगतो आणि ते मुकाट्याने पैसे आणून देतात. ऑफिसातला गालिचा इतका मऊ की मी बूट काढून चालतो. टेबलं सोळा, माणसं नऊ. गुंतवणूकदार येणार असले की शिपाई, ड्रायव्हर सगळ्यांना कोट चढवून स्क्रीनसमोर बसवतात. ड्रायव्हरच्या कपाळाला आठ्या झकास पडतात, म्हणून त्याला पुढची रांग.

बाबांच्या पैशांचं म्हणशील तर दीडपट झालेत म्हणे. कागदावर.

आणि हो, मला नोकरी लागली! जोखीम बघणारे गृहस्थ सारखे नको-नको करायचे, म्हणून दादाने त्यांना नारळ दिला. दारावर आता माझी पाटी आहे. संध्याकाळी कागद येतात, मी सह्या ठोकतो. बाबांना सांग, धाकटाही मार्गी लागला.

तुझी माया आहे तेवढी पुरते, कमी करू नकोस.
तुझा,
भिरभिऱ्या

१२ जून

चि. भिरभिऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

नववीच्या गणितात तू दोनदा गटांगळ्या खाल्ल्यास, तेव्हा शिकवायला मीच बसले होते. जिथे जोखमीवर तुझी सही चालते, तिथे बाबांची निवृत्तीची सगळी पुंजी मी एक दिवसही ठेवणार नाही.

सोबत पैसे काढण्याचा फॉर्म आहे. छप्पर गळतंय असं सांगून बाबांची सही घेतलीय. थोरल्याच्या कौतुकापुढे त्यांना खरं कारण ऐकूच गेलं नसतं. खाली बारीक अक्षरात लिहिलंय की जोखीम-अधिकाऱ्याची मंजुरी लागते. तर साहेब, बाकीच्या कागदांवर डोळे मिटून करता तशीच एक सही इथे करा.

जेवत जा. राग नाही, काळजी आहे, असं समज.
ताई

९ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पैसे पोचले असतील. इकडे मात्र धुरळा उडालाय. महिनाअखेरीला कुणी किती काढले याची यादी सगळ्या गुंतवणूकदारांना जाते. आपला कारभार कसा स्वच्छ, हे मिरवायला दादानेच ती सुरू केली होती. एका मोजे-कारखानदाराने ती वाचली. मालकाचा सख्खा बाप पैसे काढतो म्हटल्यावर त्यानेही काढले, आणि आठवड्यात सगळे दारात. दादाने तर उसने पैसे घेऊन सगळं तांब्यावर लावलेलं, आणि तांबं नेमकं खाली बसलं. काल गालिचा गुंडाळून नेला. खालची फरशी सुंदर आहे गं, उगाच झाकली होती.

दादाने विचारलं, बाबांनी असं का केलं. मी छपराचं सांगितलं. तो म्हणाला, छपराला किती लागतात.

फंडाच्या चौकशीला आलेल्या सरकारी बाईंनी मला जोखीम म्हणजे काय ते विचारलं. मी म्हटलं, आता थोडं थोडं कळतंय. ताई, फंड आपण बुडवला का गं?

रागावलीस तरी पत्र लिही.
भिरभिऱ्या

२८ जुलै

चि. भिरभिऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

आपण बुडवला नाही. बुडत्या नावेतून म्हाताऱ्याला उतरवलं, एवढंच. चौकशीत मात्र खरं तेच सांग, फुशारकी नको.

शुक्रवारी दादा घरी आला. दाढी वाढलेली, तोंडात नव्या फंडाची योजना. मी ऐकून घेतलं आणि पासबुक कपाटात कुलपात ठेवलं. सोमवारी शाळेत शिकवून आले तर दादा गेलेला, आणि बाबा ओसरीवर बसून नखं कापत होते. सकाळी बँकेत जाऊन त्यांनी सगळी रक्कम त्याच्या नावावर केली होती. पासबुक लागत नाही म्हणे, नुसती सही पुरते.

मी खूप बोलले. ते शांतपणे म्हणाले, सगळ्या जगाने पोराकडून पैसे काढून घेतले, बापानेही काढायचे का? माझ्याकडे आकडे होते सगळे. तो आकड्यांचा कागद मी पासबुकाशेजारी कुलपात ठेवला.

तू घरी ये. येताना वाटेत काही शिकू नकोस.

तुझीच, आहे तशी,
ताई