मच्छरदाणीचा सीन

१४ नोव्हेंबर १९९९
पुन्हा तोच सिनेमा! सकाळपासून तिसऱ्यांदा. जहाजावर नोकरीला असलेल्या ह्यांच्या मित्रानं, पृथ्वीराजनं, डिजिटल व्हिडिओ कॅमेरा आणून दिला, सोबत मनिलाच्या सिनेमाची ही सीडी. भाषा ओ की ठो कळत नाही. नवरा, बायको, भाडेकरू – आणि खून कधी होतो तेवढं कळतं. मधले नको ते सीन आले की मी भाजी निवडायला उठते. हे मात्र पडद्याला नाक लावून – "उमा, हितं बघ, लाइट लावल्यालीच न्हाई. एका खिडकीवर काढलंय सगळं! आपल्याच्यानं बी हुतंय."

दहा वर्षं लोकांच्या लग्नाच्या कॅसेटी काढल्या. आता सिनेमा काढायचाय. मला हसूही येतं नि भरूनही येतं.

१७ नोव्हेंबर
कोइमतूरहून थोरल्या दिरांचा, लालासाहेब भावजींचा फोन. तिथं त्यांचं सोनं गाळायचं दुकान, हाताखाली हे हवेत त्यांना. विट्याच्या आमच्या आळीतले निम्मे पुरुष असेच परमुलखात. बायका इकडे, वर्षातून एकदा भेट. "नव्या वर्षाला सुमंतला धाडून दे. किती वाट बघायची?"

विचारते म्हटलं. विचारलं नाही. सांगलीतला एक सिनेमाच्या सीड्या काढून विकणारा सीडीवाला ह्यांचा सिनेमा घेतो म्हणालाय. घेतला तर हे इथंच राहतील. माझ्याजवळ.

२५ नोव्हेंबर
शूटिंग निम्मं झालं आणि आता सीडीवाल्याची अट – एक तरी गरम सीन पाहिजे. आमची नायिका मयूरी, कॉलेजच्या नाटकातली पोर. उघडी पाठ म्हटल्यावर तिनं सरळ हात जोडले. बरोबरच केलं. हे जेवले नाहीत.

मी म्हटलं, पाठच ना? पाठीला कुठं तोंड असतं! माझी घ्या.

"न्हाई," म्हणाले. मग तासाभरानं, हळूच – "खरंच करशील?"

२८ नोव्हेंबर
दुपारी दाराला कडी. खिडकीवर माझी पिवळी साडी, पलंगाला मच्छरदाणी. मी पाठमोरी. नायक ह्यांचा दोस्त, नाव गुंडा, कुपवाडच्या कारखान्यात लेथवर असतो. पैलवान गडी. सिनेमातला खून अगदी झोकात केला होता त्यानं! पण माझ्या पाठीवर हात ठेवायचा म्हटल्यावर घामाघूम. "आवं, वहिनी हायसा तुमी! माझ्याच्यानं न्हाई व्हायचं."

शेवटी हे म्हणाले, "मग तू कॅमेरा धर. हात माझा घिऊ."

गुंडानं बटण दाबलं. कॅमेरा आमच्याकडे, तोंड भिंतीकडे – शिक्षा झालेल्या पोरासारखा!

ह्यांचा हात. मानेपासून खाली, सावकाश. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण असा उजेडात कधी नव्हता लागला. गुंडा भिंतीलाच विचारतोय, "झालं का वं?" आम्हाला दोघांनाही हसू आवरेना.

त्या कॅमेऱ्याला एक छोटा पडदा आहे, काढलेलं लगेच दिसतं. सगळं तिरकं आलं होतं, निम्मी तर मच्छरदाणीच. पण ती बाई – मी अशी दिसते? मला आवडली. ह्यांनी तीनदा पाहिलं.

९ डिसेंबर
भाड्याच्या कॉम्प्युटरवर जोडणी चाललीय. मी चहा घेऊन गेले की हे घाईनं दुसरंच काहीतरी लावतात. लाजतात!

१८ डिसेंबर
सीडीवाल्यानं बाकी सिनेमा पळवत पाहिला म्हणे. मच्छरदाणीपाशी थांबला. "ह्योच पायजे. कव्हरावर बी ह्योच टाकू."

हे म्हणाले, "तेवढा सोडून सगळा घ्या."

त्यानं सीडी परत केली.

मी भांडले. चांगलीच भांडले! पाठ माझी, मी दिली, तुम्ही कोण नाही म्हणणारे? आता जाल ना मला ठेवून कोइमतूरला? हे मान खाली घालून बसले होते. "उमा, त्यात मी तुला हात लावलाय गं. ते मला इकता न्हाई यायचं."

राग गेला नाही. रडूही थांबलं नाही.

२९ डिसेंबर
भावजींनी ह्यांचं एकट्याचं तिकीट पाठवलं. हे सकाळी मिरज स्टेशनला जाऊन माझं काढून आले.