ऑगस्टात इदालिना येणार

सांताना, ९ मे १९९४

चि. इदालिनास अ. उ. आ.

तुझं पत्र आणि लोकरीचे मोजे मिळाले. मोजे एवढे मोठे आहेत की माझ्याबरोबर गाईचेही पाय मावतील. घराची तब्येत माझ्याहून बरी आहे. गेल्या वर्षी छपरावर शाकारलेलं काड अजून पिवळं दिसतं. दाराला लाल रंग मीच दिला.

पाहुण्यांची मात्र रीघ लागली आहे. बस थांबली की लोक उतरतात, बुटक्या दारात कपाळ आपटून घेतात आणि हसत आत येतात. परवा तुझ्या आर्तूरमामाचा मुलगा आला, काराकासहून. पोराला आपल्या भाषेतला एक शब्द येत नाही. परदेशात वाढलेल्यांचं असंच व्हायचं. त्याला गव्हाचं सूप वाढलं, तुझ्या बाबांची कानटोपी घालायला दिली. बाहेर धुकं, पोर कुडकुडत होतं, म्हणून स्वयंपाकाच्या खोपीतून शेगडीभर निखारे आणून त्याच्या पायाशी ठेवले.

ऑगस्टात येशील ना? तुझ्या कॉटवर नवी चादर घातली आहे. मायेत अंतर पडू देऊ नकोस.

तुझी आई,
बेन्विंदा


जर्सी बेट, २० मे

ती. ओतिलियामावशीस सा. न. वि. वि.

आईचं पत्र वाचल्यापासून घास उतरत नाही. आर्तूरमामा काराकासला बिनलग्नाचाच वारला, त्याला मुलगा कुठून आला? आणि निखारे, मावशी! काडाच्या छपराखाली! लहानपणी मी पेटती मेणबत्ती घेऊन उंबरा ओलांडला, तर आईनेच पाठीत धपाटा घातला होता. आपल्याकडे चूल घराबाहेर का असते, हे मी तिच्याकडूनच शिकले.

फायालहून तुला एकच बस पडते. जाऊन बघून ये. इथे हॉटेलात हंगाम सुरू झाला आहे. मॅनेजरीणबाई म्हणतात की आता गेलीस तर परत येऊ नकोस. मी पाहुण्यांच्या चादरी बदलते, पण डोळ्यांसमोर नुसता धूर दिसतो.

लगेच कळव. तुझ्या लोभाचाच आधार आहे.

तुझी,
इदालिना


फायाल, २ जून

चि. इदालिनास अ. उ. आ.

जाऊन आले. गोड बोलून तुला फसवणार नाही. मी बसमधून उतरले, तर एक जर्मन बाप्या तुझ्या बाबांची कानटोपी घालून बसमध्ये चढत होता. तुझा तो मामेभाऊही असाच कोणी प्रवासी समज. वाकून दारातून जो आत येतो तो ताईला आपलाच वाटतो, परदेशी गेलेला आणि उशिरा परतलेला. हे लोक घर बघायला येतात असं सांगितलं, तर मलाच वेड्यात काढते. म्हणते की काडाच्या घरात बघण्यासारखं काय असतं?

कॉटशेजारी जमिनीच्या फळीवर तळहाताएवढा काळा डाग पडला आहे. मी काड्यापेट्या उचलल्या, तर चारचौघांत मला चोर म्हणाली. डॉक्टर म्हणतात की फुंशालच्या वृद्धाश्रमात ठेवा. ताईला विचारलं, तर ती म्हणाली की मी गेले तर इदालिना आल्यावर दार कोण उघडेल.

तू ये, बाई. तुझं ती ऐकेल. मावशीवर राग धरू नकोस.

ओतिलिया


सांताना, २१ जून

चि. इदालिनास अ. उ. आ.

काल एक बाई आली. वाऱ्यामुळे विमान शेजारच्या बेटावर उतरवलं, म्हणून एक दिवस उशीर झाला म्हणे. पण शहाणी आहे. दारात डोकं आपटलं नाही, आपोआप वाकली. आल्या आल्या मला आई म्हणाली. बाहेरून येणारी माणसं लाघवी असतात.

तिला सगळं घर दाखवलं. माझ्या इदालिनाची कॉट दाखवली, लहानपणी तू मक्याच्या कणसांमागे लपायचीस तो माळा दाखवला. तर ती रडायलाच लागली. तिचं कोणीतरी गेलं असावं, मी विचारलं नाही. मग मी निखारे आत आणले, तर तिने शेगडी उचलून सरळ बाहेर नेली आणि मला रागावली, थेट तुझ्यासारखी! मला हसू आवरेना. तिला तुझ्याच कॉटवर झोपायला सांगितलं आहे. पण बजावलं आहे की ऑगस्टात माझी मुलगी आली की कॉट सोडावी लागेल. बरं म्हणाली.

तेव्हा आता माझी काळजी करू नकोस. बाई चांगली आहे, पण तुझी सर तिला नाही. हे पत्र टपालात टाकायला तिच्याच हाती देते आहे.

वाट बघणारी,
आई


सांताना, २९ जून

ती. मावशीस सा. न. वि. वि.

सोबत आईचं पत्र आहे. मी ते टपालात टाकलं नाही, माळ्यावर बसून वाचलं. जर्सीची नोकरी गेली, तिचं काही वाटत नाही. रोज शेगडी बाहेर नेते, रोज बोलणी खाते. मीच इदालिना आहे असं एकदा सांगून पाहिलं. आई घाबरली, मागे सरकली आणि म्हणाली की एकट्या म्हातारीला असं फसवू नये. पुन्हा सांगायचा धीर होत नाही.

मला भीती ऑगस्टची आहे. परदेशी गेलेली माणसं मारियामातेच्या सणाला घरी येतात, म्हणून त्या दिवशी ती पहाटेपासून दारात उभी राहणार, आणि कोणीच आलं नाही तर? म्हणून एक ठरवलं आहे. त्या दिवशी ती उठायच्या आत कॉट आवरून, बॅग घेऊन मी थांब्यावर जाईन. पहिल्या बसमधून लोक उतरले की त्यांच्यातूनच वर येईन, आणि वाकून घरात शिरेन.

तू तिच्याशेजारी उभी राहा, मावशी. तिने ओळखलं नाही तर मला नावाने हाक मार. त्या दारात मला कोणीतरी इदालिना म्हणायला हवं.

तुझी,
इदालिना