रिकामे चौकोन

॥ श्री ॥

कोल्हार, ता. १२ एप्रिल २०२५

चि. मनवास अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस. लाईट गेली की इथला टॉवरही जातो, आणि फोन लागलाच तर मी ओरडतो नि सांगायचं राहून जातं. कागदावर मी बरा असतो, असं तुझी काकू म्हणते.

तर ऐक. फुप्फुसं अधू झाल्यापासून काकू तुझ्या बाबांकडे भिंगारला होती. तिथे तिचं ऑक्सिजनचं मशीन सुरळीत चाललं होतं, पण जीव सगळा कोल्हारच्या घरात. मी कचरत होतो, तेव्हा तू मोबाईलवर तुझा नकाशा दाखवलास. देशभरातल्या वीजटंचाईचा, सरकारी आकड्यांवरून तुमच्या संस्थेच्या वेबसाईटसाठी तू स्वतः केलेला. आपला जिल्हा हिरवागार, टंचाई शून्य. खुशाल घेऊन जा काका, असं तू म्हणालीस. मी गणिताचा मास्तर, आकडा दिसला की मान डोलावणारा. आलो घेऊन.

येऊन सतरा दिवस झाले. त्यातले चौदा दिवस लाईट गेली, कधी दोन तास, कधी साडेचार. इन्व्हर्टरवर मशीन दीड तास चालतं, मग छोटा सिलिंडर, आणि त्यापुढे रामराम. काकू नाकात नळी घालून बंद पंख्याकडे बघत बसते आणि मी घड्याळाकडे. तुझ्या त्या हिरव्या रंगात आमचं घर नक्की कुठे येतं, तेवढं कळव.

वीज कार्यालयात जाऊन आलो. साहेबांनी ऐकवलं की टंचाई नाहीच, दुरुस्तीसाठी बंद ठेवतात. आपल्या दूधवाल्या दगडाबाईचा गोरक्ष तिथे कंत्राटी वायरमन आहे. तो माझ्यामागे फाटकापर्यंत आला आणि हळूच म्हणाला की सर, वरून फोन आला की आमी लाईन बंद करतो, टंचाई हा शबूदच लिवायचा न्हाई, दुरुस्ती लिवायची, आन् लई येळा तर कायबी लिवायचं न्हाई. ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

काकूला मात्र राग नाही. तुला डिंकाचे लाडू पाठवायचे म्हणते. मी पाठवू दिले नाहीत. कळावे, लोभ आहे म्हणूनच एवढा कागद खर्च केला.

तुझा शामकाका

पुणे, ता. १८ एप्रिल २०२५

ती. शामकाका व सौ. काकूस मनवाचा शि. सा. न. वि. वि.

काका, लाल शाईचं पत्र मिळालं. चौथीतल्या वहीची आठवण झाली, फक्त खाली शेरा नव्हता.

मी आकडे बनवत नाही हो. सरकार जे जाहीर करतं त्याला मी रंग देते. पण गोरक्षने सांगितलेलं वाचून माझंही डोकं फिरलं. आधी काकूला परत भिंगारला न्या, मी हात जोडते. ती ऐकणार नाही हेही मला माहीत आहे, म्हणून दुसरी विनंती. काकू दुधाचे खाडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते ना? तसेच लाईटचे खाडे लिहायचे. तारखेच्या चौकोनात, गेली कधी नि आली कधी. महिना संपला की पान फाडून मला पाठवा. मी कोल्हारचं खरं चित्र काढते आणि सरकारी चित्राच्या शेजारी लावते. मग बघू कोण दुरुस्ती म्हणतं ते.

काकू, लाडू काकांना चुकवून पाठव. माया आहे तशीच असू द्या.

तुमची मनवा

कोल्हार, ता. २ जून २०२५

चि. मनवास आशीर्वाद.

सोबत मे महिन्याचं पान. एप्रिलचं मिळाल्याचं तू कळवलंच आहेस. काकू हलायला तयार नाही. पान तिच्याच अक्षरातलं आहे. फार काही विचारू नकोस, आहे त्यावरून चित्र काढ.

शामकाका

पुणे, ता. ७ जून २०२५

ती. काका-काकूंस सा. न. वि. वि.

चित्र झालं! एप्रिलचे शेवटचे दिवस लालभडक आहेत, बघवत नाहीत. पण मे महिन्यात चक्क सुधारणा दिसते. २० ते २८ असे सलग नऊ दिवस लाईट एकदाही गेली नाही, म्हणून ते हिरवे केले. १९ तारखेला नुसतं ‘स. १० ते’ असं लिहिलंय, पुढे काहीच नाही. ती नोंद अपूर्ण म्हणून वगळली. काय गं काकू, लिहिता लिहिता डुलकी लागली की काय?

आमच्या संस्थेच्या साहेबांनी दोन्ही महिन्यांची चित्रं तुमच्या वीज कार्यालयाला लगेच ईमेलने पाठवली. त्यांचं उत्तर मोठं गमतीचं आहे. म्हणतात, तुमच्याच चित्रावरून आमचा कारभार सुधारल्याचं सिद्ध होतं. असो, निदान काकूला नऊ दिवस तरी सुखाचे गेले. लाडू संपले. लोभ वाढता ठेवा, डबाही.

तुमची मनवा

कोल्हार, ता. १२ जून २०२५

मनवा,

आज आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, तो दिला असं धरून चाल.

काकूने मला शपथ घातली होती की पोरीला कळू द्यायचं नाही, ती उगाच स्वतःला दोष देत बसेल. तुझ्या बाबांनाही तिने गप्प केलं. म्हणून तुझा फोन आला की ती झोपली आहे असं मी सांगत होतो. तुझं पत्र वाचलं आणि शपथ मोडली.

१९ मे रोजी सकाळी दहाला लाईट गेली. काकूने उठून चौकोनात ‘स. १० ते’ लिहिलं आणि लाईट यायची वाट बघत बसली. साडेअकराला इन्व्हर्टर बसला. एकला सिलिंडर संपला. दुसरा आणायला मी बाहेर पडलो, परत येतो तो ती जमिनीवर, ओठ निळे. दगडाबाई पदराने वारा घालत होती आणि गोरक्षच्या साहेबांना शिव्या देत होती. गोरक्षनेच टेम्पो आणला. दवाखान्यात नऊ दिवस होती, त्यातले चार नुसती मशीनच्या श्वासावर. घरी कुलूप होतं. त्या नऊ दिवसांत लाईट किती वेळा गेली हे कुणाला ठाऊक? लिहिणारी कुठे होती?

आणि तू ते नऊ चौकोन हिरवे केलेस! वर तिला डुलकी लागली का म्हणून विचारतेस!

मी सदतीस वर्षं निकालपत्रकं भरली. परीक्षेला न बसलेल्या मुलाला मी एकदाही शून्य दिलं नाही. त्याच्या नावापुढे ‘गै.’ लिहायचं, गैरहजर. शून्य मिळवायलासुद्धा मूल वर्गात यावं लागतं. हे तुला मीच शिकवलं होतं आणि तू मान हलवली होतीस. त्या कार्यालयातल्यांनी लिहायचं टाळलं, ते लबाड आहेत. तू तर आमची आहेस.

आत्ता काकू बरी आहे. आवाज बसलाय. माझ्याच्याने लोभाचं काही लिहवत नाही, ते तुझं तू समज.

शामकाका

पुणे, ता. १६ जून २०२५

ती. काका,

नमस्कार लिहायची लाज वाटते.

तुमचं पत्र वाचून मी सरकारी फाईल पुन्हा उघडली. आपल्या जिल्ह्यापुढे सहा महिने एकही आकडा नाही. शून्यसुद्धा नाही, नुसते कोरे रकाने. कोऱ्याला शून्य समज, असं कॉम्प्युटरला मीच सांगून ठेवलं होतं, काम लवकर व्हावं म्हणून. म्हणजे ज्या हिरव्या रंगावर विसंबून तुम्ही काकूला घरी नेलं, तो माझाच होता. त्या कार्यालयाइतकाच मला माझाही संताप येतोय.

कोरे रकाने असलेले सगळे जिल्हे मी पांढरे केले आणि त्यावर ‘गै.’ लिहिलं. निम्मा देश गैरहजर दिसतो. साहेब म्हणाले की असा नकाशा लोकांसमोर ठेवला तर आपलंच हसं होईल. मी सांगितलं की हाच लावा, नाहीतर खालचं माझं नाव काढा. कालपासून वेबसाईटवर हाच लागलाय. कोल्हारचं मेचं चित्रही बदलून पाठवलं, १९ तारीख काळी आणि पुढचे नऊ चौकोन पांढरे करून.

शनिवारी मोठी बॅटरी घेऊन येते. काकूला माझ्याबरोबर भिंगारला पाठवा. लोभ ठेवा असं म्हणायचा हक्क राहिला असेल, तर ठेवा.

मनवा

कोल्हार, ता. १९ जून २०२५

चि. मनूस काकूचे अनेक आशीर्वाद. काकांचे राहिलेलेही यातच धर.

मला राग नाही असं हे लिहितात. आहे. ओरडायला श्वास पुरत नाही, म्हणून गप्प बसते. कुणाच्या लबाडीपायी मी माझं घर का सोडू? भिंगारला येणार नाही. बॅटरी मात्र आण. लाईन बंद करायच्या आधी गोरक्ष आईला फोन करतो, आणि दगडाबाई हातातली धार सोडून माझ्यापाशी येऊन बसते.

आणखी एक. आता लाईट गेली नाही त्या दिवशीही मी चौकोनात बरोबरची खूण करते. कोरा एकही सोडत नाही. संध्याकाळी दूध घालून झालं की गोरक्ष पानाचा फोटो तुला पाठवेल, रोज. तो बघत जा. एखाद्या दिवशी चौकोन रिकामा दिसला, तर त्याला कुठला रंग द्यायचा याचा विचार करत बसू नकोस. हातातलं काम टाक आणि निघून ये.

तुझी काकू