तांदूळ बंद, कोठा बंद

आश्विन वद्य ३
पुण्याच्या डाक्टरानं तांदूळ बंद केला, त्याला पंधरवडा झाला. पोटानंबी त्याच दिवशी दार लावून घेतलं. लघवीत साखर हाय म्हणं. भात न्हाई, भाकरी न्हाई, गूळ न्हाई, धान्यच नको. अंडी खा, मासळी खा, पाला खा. "आजीबाई, पथ्य मोडलंत आणि पायाच्या अंगठ्याची जखम भरली नाही, तर अंगठा काढावा लागेल." वर म्हणतो, पोट कसं ते रोज मांडून ठेवा. भावाच्या पाटीवर चोरून बाराखडी शिकले ती ह्यासाठी न्हवं. पण मांडते.
कोठा: न्हाई.
मुंग्या: न्हाईत.
गोठ्यामागच्या धोंड्यापाशी लघवीला बसते, तितं साखर पडली की मुंग्यांची रांग लागती. हे माझ्या सुनंनं, गंगूनं, आधी हेरलं. डाक्टराला मागनं कळलं.

आश्विन वद्य ५
पहाटं करवंदीच्या जाळीमागं गेलो. सगळ्या बायका बसल्या, उठल्या, गेल्याबी. मी हाय तितंच. जाऊ सखू लांबनं वरडली, "आक्का, अंडी खाऊन खाऊन आता घालतीस का काय?"
म्हटलं, खाल्लेली तर आधी भायेर पडू दे.
उजाडलं तसं लुगडं सावरून उठावं लागलं. बाईमाणसानं दिवसा जायचं कुटं? आता उद्या पहाटंपातूर पोटात धोंडा घिऊन फिरायचं. दावणीच्या म्हशीचं बरं, जागच्या जागी मोकळी हुती.

आश्विन वद्य ८
रातच्याला एरंडेल घेतलं. मुरडा लई, काम न्हाई. शेळीच्या लेंड्यांगत दोन. शेळीबी लाजली असती.
गंगूला आठवा लागला. तिचंबी पोट बांधलेलं. जाळीमागं दोघी सासवा-सुना शेजारी शेजारी कुंथतो. ती लेकराच्या भारानं, मी कोंबडीच्या.
सखू गावभर सांगती, म्हातारीची चंगळ हाय, रोज मासळी. ये म्हणावं, माझं पोट घे, मासळी घे.

पाडवा
करंज्या झाल्या. लेकानं, रामानं, डबा माळ्यावर नेऊन ठेवला. ह्या अंगठ्यानं मला शिडी चढवत न्हाई, हे त्याला ठावं हाय. माझं घर, माझी चूल, आणि पहारा माझ्यावर.
जेवाय मासळी, माठाची भाजी, ताक. पोरं करंज्या खात माझ्याकडं बघत हुती. म्हटलं, तिकडं तोंड करून खावा मेल्यांनो.
कोठा: न्हाई.

कार्तिक शुद्ध ११
गंगूनं डोकं चालवलं. "आत्याबाई, डाक्टर धान्य नको म्हणला न्हवं? मग वरी आन् रताळं कुटं धान्य हाय? एकादशीला चालतंय की."
खरंच की. देवाला चालतं ते डाक्टराला न चालाय काय झालं?
वरीचा भात, शेंगदाण्याची आमटी, उकडलेली रताळी. पोटभर जेवले. पोटभर म्हंजे काय ते इसरलेच हुते.

कार्तिक शुद्ध १२
कोठा: साफ!
जाळीमागनं सगळ्यांत पयली मी उठले. सखूला म्हटलं, बस तू, उबव.
गंगूला सांगितलं, आता रोज एकादशी.

कार्तिक पौर्णिमा
मुंग्या. धोंड्यापासनं पार गोठ्याच्या कुडापातूर काळी रांग.
गंगू कंबरंवर हात ठिऊन बघत हुबी. म्हणाली, "आत्याबाई, ह्यांना एकादशी कळत न्हाई वो."
हसले. मग अंगठ्याची चिंधी सोडली. जखमंतनं पाणी यायला लागलंय. हसू जिरलं.
रताळी वरी समदी बंद.

कार्तिक वद्य ३
परत तेच. अंडं, पाला, ताक. कोठा: न्हाई. डोकं जड, तोंडाला मळ. कुणी चांगलं बोललं तरी चावावं वाटतंय.
अंगठा वाचवावा तर पोट धरून बसतंय. पोट सोडवावं तर अंगठा जातोय. चोरानं दोन्ही दारं अडवल्यागत झालंय.
आज गंगूनं माझा तांब्या हालवून बघितला. काठोकाठ. "कालचंच पाणी हाय हे. पीत न्हाई तुमी?"
न्हाई पीत. पिलं की दर घटकंला उठा, लंगडत धोंड्यापातूर जा. म्हणून तोडलं.
"मग कोरड्या वढ्यातनं वंडका सरकंल व्हय?"
पोरगी तोंडाळ हाय. माझ्या हाताखाली तयार झालीया.

कार्तिक वद्य ७
उठल्याबरोबर कढत पाणी, त्यात चमचाभर तूप. दिवसभर तांब्या जवळ. अंबाडी, शेवग्याचा पाला, मुळ्याचा पाला. गुरं माझ्याकडं भाऊबंदकीच्या नजरंनं बघत्यात.
कोठा: जरासा.
मुंग्या: न्हाईत.
अंगठा: पाणी थांबलं. कड अजून काळीच.

कार्तिक वद्य ११
आंबेमोहर खळ्यावर आला. आता नवं करायचं.
घरातल्या थोरल्या बाईनं पयला घास घेतल्याबगार नवा तांदूळ कुणी खायचा न्हाई, ही आमची रीत. सासू गेल्यापासनं तो घास माझा.
रामा म्हणला, "आये, औंदा नवं ऱ्हाऊ दे." सखू म्हणती, जिभंला लाव आन् थुक. पयलं अन्न थुकायचं? हिची अक्कल पेंढ्यात गेली.
गंगू म्हणाली, "मी थांबते, आत्याबाई." थांबती कशाची. डोहाळे हायेत तिला, खळ्यावरनं आली की पदराचा वास घेत बसती. पोटातलं काय थांबणार हाय का माझ्या अंगठ्यासाठी?
रामाला म्हटलं, कांडून आण.

मार्गशीर्ष शुद्ध १
नवं झालं. देवाला निवद, मग माझ्या पानावर घासभर भात, वर तूप. समदी माझ्या तोंडाकडं बघत. गंगूचा हात ताटावर तसाच धरलेला.
घासातलं एक शीत उचललं, तोंडात टाकलं. बाकीचं गंगूच्या ताटात सारलं.
"झालं नवं. गिळा आता."
गंगू जेवली ती बोटं चाटूनबी थांबंना. रामा म्हणला, "आये, एका शितानं काय हुतंय?" त्याला काय सांगू. शितावरनं भाताची परीक्षा हुती, एवढंच हुतंय.

दुपार. गडी खळ्यावर. गंगू वसरीला आडवी, घोरती. चुलीवर टोप, तळाला भाताची खरवड. घरभर वास. हात जाऊ नये म्हणून टोपात तांब्याभर पाणी वतलं, म्हटलं भिजली की कोंबड्यांना टाकीन.
आता बघते तर चुलीत निखारं हुतं. कडंनं बुडबुडं यायल्यात, पाणी पांढरं झालंय. पेज झाली मेली.
आन् पेजंनं कोठा कसा सुटतो, ते मला कुणी सांगाय नको.
अंगठा ठणकतोय. धोंड्यापाशी जाऊन आले. मुंगी एकबी न्हाई.
पेजंत मीठ तेवढं न्हाई. मिठाची वाटी हाताशी हाय. टोप चुलीवरनं खाली घेतला न्हाई अजून.