माईकवरून घेतलेलं नाव

६ जानेवारी २०२५, सोमवार

परत वाजलं! सकाळपासून तिसऱ्यांदा! गल्लीच्या टोकाला हळद आहे आणि त्या डीजेवाल्याला दुसरं गाणं माहीतच नाही. गाणं माझंच, पण मलाच ओळखू येईना. माझी गिटार पार खाऊन टाकलीय, वर ढुमढुम ढुमढुम. शब्द तेवढे जागेवर आहेत, मी लिहिलेले—

नाव सांग वं पोरी, नाव सांग,
नही सांगशी तं गावले सांगसू!

प्लास्टरचा दहावा दिवस. ट्रॅक्टरमधून रस्त्यावर सांडलेली उसाची टिपरी, त्यावरून गाडी घसरली, आणि आता घोट्यापासून मांडीपर्यंत पांढरा खांब. डॉक्टर म्हणतो सहा आठवडे पाय टेकवायचा नाही. संडासला जायचं तरी अनुसयाला हाक मारायची. साठाव्या वर्षी खुंट्याला बांधलेला बैल झालोय!

पण आज एक फोन आला. भटूचा. आमचा ड्रमवाला, आता केळीचा व्यापारी. 'नवनीत, उडी मार!' म्हणे. अरे, कशानं मारू? नंदुरबारला खान्देशी कला महोत्सव आहे, नऊ फेब्रुवारीला. त्यात 'तापी थंडर'चा सत्कार! खान्देशातला पहिला रॉक बँड म्हणून! शाल, श्रीफळ, आणि मी खुर्चीवर बसून तेच गाणं म्हणायचं. कोणाला तरी आठवण झाली म्हणायची.

अनुसयाला सांगितलं. 'बरं झायं,' म्हणाली आणि तुरीच्या शेंगा सोलत राहिली. बायकोला कधी कौतुक असतं का!

७ जानेवारी, मंगळवार

प्लास्टरच्या आत खाज. विणायची सुई आत घालून खाजवलं. स्वर्ग!

११ जानेवारी, शनिवार

स्वप्नाली तळोद्याहून आली. ज्युनिअर कॉलेजात शिकवते, सुट्टीच्या दिवशी फेरी मारते. मी सत्काराचं सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाली, 'माहीत आहे. पप्पा, तुम्ही जाऊ नका.'

का? तर तिच्या वर्गात खापर गावची रंजिता म्हणून मुलगी आहे, अकरावीला. पोरांनी तिचा पाठमोरा चालतानाचा व्हिडिओ काढला, त्यावर माझं गाणं लावलं आणि 'पोरी'च्या जागी 'रंजिता'. सगळ्या खापरमध्ये फिरला. बसमध्ये म्हणतात, गेटवर म्हणतात. सोमवारपासून मुलगी कॉलेजला नाही. बाप म्हणतो, झालं तेवढं शिक्षण पुरे.

मी म्हटलं, त्या पोरांच्या कानाखाली वाजवा. गाण्याचा काय दोष?

'गाण्यात काय लिहिलंय, पप्पा? नाव नाही सांगितलंस तर गावाला सांगेन. ही धमकी आहे.'

धमकी! छत्तीस वर्षं लोक नाचले, कोणाला धमकी दिसली नाही, हिला दिसली! मी म्हटलं, उद्या म्हणशील जुन्या कॅसेटी जाळा. म्हणाली, 'जाळू नका, कपाटात असू द्या. पण त्याच गाण्यासाठी हार घालून घ्यायचा का, ते तुम्ही ठरवा.'

न जेवता गेली. अनुसयानं डबा भरून दिला तो मात्र नेला.

१२ जानेवारी, रविवार

डोकं शांत करून लिहितो. त्या काळाला आजची फूटपट्टी लावायची नाही, हे माझं म्हणणं.

आम्ही सुरतहून इंग्रजी रॉकच्या कॅसेटी आणायचो. मी, भटू, आणि बास गिटारवाला शांतीलाल (बिचारा गेला). शब्द एक कळायचा नाही. पण ती गिटार! ती मस्ती! कपाशी वेचायच्या दिवसांत मी केस वाढवले म्हणून वडील महिनाभर बोलले नव्हते. मागे स्वप्नालीनं त्यातल्या एका गाण्याचा अर्थ मोबाईलवर काढून वाचून दाखवला. पंधरा वर्षांच्या पोरीबद्दल होतं. गाणारा तिशीचा बाप्या. मला कसंसंच झालं. कळत नव्हतं तेच बरं होतं! पण म्हणून ती गिटार खोटी होती का? उत्तर द्या म्हणावं.

आणि आमच्या गाण्याची तर पद्धतच होती. यात्रेत कार्यक्रम असला की फर्माईशच्या चिठ्ठ्या यायच्या. 'नाव सांग' लागलं की चिठ्ठीवर गावातल्या एखाद्या पोरीचं नाव, आणि ते मी माईकवरून घ्यायचं. मंडप डोक्यावर! पोरी ओढणीत तोंड लपवून हसायच्या. एकीनंही तक्रार केली नाही. (केली असती तर कोणाकडे? — हे वाक्य स्वप्नालीचं. माझं नाही.)

अनुसया मला मिळाली ती याच गाण्यामुळे. तिच्या गावची यात्रा, फेब्रुवारी ८९. चिठ्ठी आली, उघडली, 'अनुसया'. मी घेतलं नाव, आठ-दहा वेळा घेतलं, आणि समोर पहिल्या रांगेत बसलेली एक पोरगी लाल झाली. दुसऱ्या दिवशी तिचे भाऊ जीप भरून दारात. भांडण पेटायचं, पण दोन्हीकडचे म्हातारे बसले. तिचे वडील माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, 'नाव लिन्हं ना? मंग आते पोर बी लई जाय!' महिन्यात लग्न. आहे की नाही सिनेमाची गोष्ट! मी ही गोष्ट शंभर लग्नांत सांगितली असेल. लोक परत परत सांगायला लावतात. अनुसया तेव्हा चहा टाकायला उठते. लाजते अजून.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. स्वप्नालीचा फोन आईला. माझ्याशी गोड नाही, कडू नाही, काहीच नाही बोलली.

१७ जानेवारी, शुक्रवार

झालं! ज्याची भीती होती तेच! महोत्सववाल्यांचा फोन. कोणी तरी पत्र दिलंय की अशा गाण्याचा सत्कार कसा करता. 'सर, जरा अडचण झाली आहे,' म्हणे. सर! परवापर्यंत नवनीतदादा होतो.

भटूला लावला. तो हसला. म्हणाला, 'येडा का रे तू! वहिनीले उभी कर ना! जिन्हं नाव लिन्हं ती तुन्ही बायको शे. सुखी संसार शे. तिनं दोन शब्द सांगात का सगळास्नी बोलती बंद!'

काय डोकं आहे भटूचं! केळी विकण्यात वाया गेलं. व्हिडिओ करून पाठवू. साक्षीदार घरातच बसलाय आणि मी आठवडाभर छताकडे बघतोय.

१८ जानेवारी, शनिवार

अनुसयाला विचारलं. ती ज्वारी निवडत होती.

'काय बोलनं पडी?'

म्हटलं, जे घडलं ते सांग.

'जे घडनं तेच?'

हां, तेच.

सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, 'सांगसू.'

वाघीण आहे! स्वप्नालीलाही बोलावून घेतलं, उद्या तिनंच शूट करायचं. ऐकू दे तिलाही आईच्या तोंडून.

१९ जानेवारी, रविवार

लिहवत नाही. पण लिहितो.

अनुसया इस्त्रीची साडी नेसून बसली. माझ्या खाटेसमोर, खुर्चीवर. स्वप्नालीनं माझा मोबाईल धरला, कारण इथूनच भटूला पाठवायचा होता. मी आवाज चढवून विचारलं, अगदी निवेदकासारखं — 'माईकवर तुझं नाव ऐकलं, तेव्हा काय वाटलं?'

'मी धावीमा व्हतू,' म्हणाली. 'परीक्षाले अठरा दिन ऱ्हायेल व्हतात.'

मी हसलो. मला वाटलं, दहावीपासून सुरुवात करतेय.

मग सांगत गेली. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही. त्याच रात्री तिच्या वडिलांनी दप्तर चुलीत टाकलं. गणिताचं पुस्तक नवं होतं. दुसऱ्या दिवसापासून पोरं तिच्या वाटेवर उभी राहून तेच म्हणायची. विहिरीवर गेली तर बायका पाणी ओढायच्या थांबायच्या. आई म्हणाली, आता तुला कोण करणार. भाऊ जीप घेऊन गेले ते हातपाय तोडायला गेले होते, आणि संध्याकाळी परत आले ते लग्न ठरवून. 'माले कोनी इचारंच नही. यास्नी बी नही.'

मी म्हटलं, बस कर. तिनं ऐकलं नाही.

'आनि चिठ्ठी कोनी देल नव्हती. यास्ना हातमा कागदच नव्हता. मी पहिली लाईनमा बठेल व्हतू. माले दखायनं.'

मग उठली. 'झायं ना? मी दूध तापाडस.'

आत गेली. मला उठून मागे जाता येईना, की बाहेर पळून जाता येईना. नुसता पडून राहिलो, पाय वर टांगून.

२० जानेवारी, सोमवार

कागद नव्हता. खरं आहे.

बारा तारखेला इथे खोटं लिहिलं. कोण वाचणार आहे ही वही? तरी खोटं लिहिलं! इतक्या वेळा सांगितलं की मलाच ती चिठ्ठी दिसायला लागली होती, चौकोनी वहीचा कागद, निळी शाई.

खरं हे की दुपारी आम्ही सामान उतरवत होतो. पाण्याच्या टाकीपाशी ती मैत्रिणीबरोबर हसत उभी होती. मी गिटार घेऊन गेलो, केसबिस उडवत, आणि नाव विचारलं. तिनं सांगितलं नाही. हंडा उचलला आणि गेली. भटू हसला माझ्यावर. मला राग आला. चोवीस वर्षांचा होतो, माझ्यावर कोणी हसलेलं मला चालायचं नाही. भटूनं तिच्या चुलतभावाकडून नाव काढलं. रात्री स्टेजवर मी खिशात हात घातला, चिठ्ठी काढल्यासारखं केलं.

तिनं नाव सांगितलं नाही म्हणून मी गावाला सांगितलं. गाण्यात लिहिलंय तसंच केलं! आणि मी इथे फूटपट्टीच्या गोष्टी लिहितो. कुठल्याही काळाची पट्टी आण, लाव. लाज वाटते. साठ वर्षांच्या माणसाला रडू येतं ते फार वाईट दिसतं.

२१ जानेवारी, मंगळवार

सगळं नेहमीसारखं. सात वाजता चहा, दहाला आंघोळ, बाराला भाकरी आणि लसणाची चटणी. मी म्हटलं, 'अनुसया, मी...' ती म्हणाली, 'पाय हलाडू नका.'

स्वप्नालीला फोन केला, व्हिडिओचं काय करायचं. 'तो आईचा आहे. शनिवारी येते मी, आईला विचारून ठरवू.' रंजिताचा बाप अजून ऐकत नाही म्हणाली. ती स्वतः दोनदा खापरला जाऊन आली.

२३ जानेवारी, गुरुवार

पाठवला!

दोन दिवस छताकडे बघून बघून ठरवलं. भटूला पाठवला, महोत्सववाल्यांना पाठवला, 'तापी थंडर चाहते' ग्रुपवर टाकला. आठशे बारा माणसं आहेत त्यात. वर लिहिलं — 'सत्कार मला नको. मी माझ्या पत्नीचा, सौ. अनुसया हिचा गुन्हेगार आहे. तिच्याच तोंडून ऐका. हे गाणं कोणीही वाजवू नये.' रंजिताच्या बापापर्यंत गेला तर त्याचेही डोळे उघडतील. माझ्या चुकीतून एका पोरीचं तरी भलं होऊ दे.

भटू शिव्या घालतोय. घालू दे! चूक कबूल करायला छाती लागते. लोकांचे मेसेज येतायत, 'दादा, सलाम', 'एवढं मोठं मन कोणाचं', हात जोडलेले, फुलं. एका पत्रकाराचाही फोन आला.

किती हलकं वाटतंय! छत्तीस वर्षांचं ओझं उतरलं. पाय मोकळा असता तर नाचलो असतो. अनुसया मळ्यातल्या बायांचा चहा घेऊन गेलीय. आली की सांगेन.

सांगायचं राहून गेलं. पाहुणे आले.

२५ जानेवारी, शनिवार

सकाळी अनुसया चक्कीवर दळण आणायला गेली. तिथे बायकांनी तिला तो व्हिडिओ मोबाईलवर दाखवला. कोणी तरी त्याचाही रील केलाय. मागे ढुमढुम, आणि मधेमधे तिचाच आवाज कापून लावलाय, 'मी धावीमा व्हतू, मी धावीमा व्हतू'. खाली तिचं नाव, गावासकट.

पिठाचा डबा ओसरीवर ठेवला. म्हणाली, 'ह्या खेपले तरी माले इचारी लेतात.'

अकराला स्वप्नाली आली. दोघी बाराच्या जीपनं तळोद्याला गेल्या. खाटेशेजारी स्टुलावर चार भाकरी आणि पाण्याचा तांब्या आहे.