अंगठा, सोन्याचे थेंब आणि पाच प्रती

३ मार्च, सकाळी
आजपासून उजव्या अंगठ्याची कुरकुर कायमची बंद. मेहुण्याने बाटली आणून दिली: सोन्याच्या क्षाराचे थेंब. दहा थेंब, दिवसातून तीनदा. एरवी मेहुणा सांगेल त्याच्या उलट करतो, पण सोन्यातलं मला कळतं. तीस वर्षं बाइंडिंगच्या दुकानात पुस्तकांवर सोनेरी अक्षरं उठवतोय. जे पुठ्ठ्यावर शंभर वर्षं टिकतं, ते सांध्यात टिकणार नाही?

हिला सांगायचं नाही. लेकीला तर मुळीच नाही. तिच्या प्रबंधाच्या पाच प्रती शुक्रवारपर्यंत, म्हणजे १४ तारखेपर्यंत, तयार हव्यात. चार कॉलेजला, एक घरी. चार वर्षांची मेहनत आहे पोरीची, दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही. म्हणून अंगठा हवाच.

४ मार्च
बाटलीचं झाकण भलतंच घट्ट. दाबून फिरवावं लागतं. अंगठा जास्त दुखतोय. म्हणजे औषध बरोबर जागी पोचलं.

६ मार्च
तोंडाला पितळेची चव. जेवताना हिने विचारलं, आवडलं नाही का? म्हटलं, छान आहे, जरा धातूसारखं लागतंय इतकंच. पुढचं वाढणं बंद.

८ मार्च, दुपारी
हातांना खाज, लाल पुरळ. अंगातला कचरा बाहेर पडतोय. मेहुणाही फोनवर हेच म्हणाला. तू घेतोस का, विचारलं. म्हणाला, मला गरजच नाही. नशीबवान माणूस.

दोन प्रती शिवून झाल्या. लेक दुकानात येऊन प्रबंधातलं काहीतरी सांगत होती. मी सरस ढवळत "हो, हो, बरोबर" म्हणत होतो. चार वर्षं असंच चाललंय, पोरगी खूश असते. बाइंडरने वाचायचं नसतं. वाचत बसलास तर बांधणार कधी, असं आमचे उस्ताद पहिल्याच दिवशी म्हणाले होते. मी तो नियम आजवर मोडलेला नाही.

१० मार्च
तोंड आलंय. चहासुद्धा गार करून. आता पंधरा थेंब. अर्धवट उपाय हाच खरा रोग.

११ मार्च
शीर्षक उठवलं! अक्षरांचे पितळी खिळे उलटे जुळवले, तापवले, सोनेरी फॉइलवर दाबले. अंगठा सुजलेला, म्हणून कोपराने दाबलं. पाचही कव्हरं झकास. एकेक अक्षर भिंगाखाली तपासलं. शब्दांकडे बघायचं नसतं, लक्ष उडतं.

१२ मार्च
घात झाला. लेकीला खणात बाटली सापडली. तिने माझे हात पाहिले, जीभ बाहेर काढायला लावली. ओरडली नाही, म्हणून जास्त घाबरलो. म्हणाली, कव्हर घ्या आणि वाचा. म्हटलं, अक्षरं सगळी नीट आहेत. म्हणाली, बाबा, वाचा म्हणजे वाचा.

वाचलं. मोठ्याने. "सोन्याची संयुगे: औषधी उपयोग आणि अपाय."

माझ्याच हाताने उठवलेलं. पाच वेळा.

१३ मार्च
डॉक्टरीणबाईंनी थेंब तत्काळ बंद केले. म्हणाल्या, सोन्याची औषधं एका ठरावीक संधिवाताला पूर्वी बरीच द्यायचे, तेही वरचेवर रक्त-लघवी तपासून, कारण मूत्रपिंडाला धोका असतो. या बाटलीत नेमकं काय नि किती, लेबलवर पत्ताच नाही. आणि मला तो संधिवात नाहीच. अंगठ्यावर कामाचा ताण आहे, वर त्या झाकणाचा. माझी लघवी ठीक निघाली. थोडक्यात निभावलं.

त्या बोलत होत्या आणि लेक शेजारी मान डोलावत होती. हे सगळं चौथ्या प्रकरणात आहे म्हणे. चौथं प्रकरण आठवडाभर माझ्याच शिकंज्यात दाबून ठेवलं होतं.

राहिलेलं बांधणं हिने आणि लेकीने केलं. मी खुर्चीत बसून सूचना दिल्या. फारशा कुणी ऐकल्या नाहीत.

१४ मार्च, संध्याकाळी
चार प्रती वेळेत पोचल्या. पाचवी घरी. संकल्प: प्रबंध पहिल्यापासून वाचायचा, रोज दहा पानं, शब्द न् शब्द. लगेच बसलो. चष्मा पुसला.

पहिल्या पानावर एकच ओळ.

"बाबांना. चार वर्षं माझं सगळं लक्ष देऊन ऐकल्याबद्दल."

मिटून ठेवला. बाकीची नऊ पानं उद्या.